आधी माप, मग निगा, मग हौस: सीमाभागातल्या पुरुषांसाठी रोजच्या कपड्यांचं मार्गदर्शन

बेळगावात कपड्यांची वानवा कधीच नव्हती. खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली या पट्ट्यात पाय ठेवला की शर्टपीसपासून शेरवानीपर्यंत सगळं मिळतं. खानापूर, हुक्केरी आणि पलीकडच्या चंदगडचीही माणसं लग्नाचा बस्ता बांधायला इथं येतात. निपाणीकरांना कोल्हापूरही जवळच. तरीही सणासुदीला, ऑफिसात, बँकेच्या रांगेत बघितलं तर दहातल्या सात-आठ पुरुषांच्या अंगावरचा कपडा त्यांच्यासाठी शिवलेला वाटत नाही. कुणाचा खांदा दंडावर उतरलेला, कुणाच्या पँटचा घोळ चपलेखाली येऊन फाटलेला, कुणाच्या शर्टाची बटणं पोटावर ओढ घेतायत.

कापडाच्या धंद्यात अनेक वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. पुरुषांची चूक रंग किंवा कापड निवडण्यात फार कमी होते. ती होते मापात आणि नंतर निगेत. चारशे रुपयांचा शर्ट मापात असेल, स्वच्छ असेल, इस्त्री केलेला असेल, तर अडीच हजारांच्या ढगळ शर्टापेक्षा तो उठून दिसतो. पुरावा बघायचा असेल तर बेळगावच्या कॅम्पात जा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातला जवान सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत बाजारात येतो. अंगात बिनछापाचा शर्ट, साधी काळी पँट, पॉलिश केलेले बूट. महागडं काहीच नसतं, पण खांद्याची शिवण खांद्यावर, पट्टा मधल्या भोकात आणि पँटची इस्त्री सरळ. एवढ्यावर तो गर्दीत वेगळा ओळखू येतो.

म्हणून खालचा क्रमही तसाच ठेवलाय: आधी माप, मग निगा आणि हौस सगळ्यांत शेवटी.

पहिलं काम: कपाट रिकामं करा

रविवारी सकाळी, दिवसाच्या उजेडात करा. ट्यूबलाइटमध्ये रंगही फसवतात आणि डागही लपतात. कपाटातला प्रत्येक शर्ट, प्रत्येक पँट एकदा अंगावर चढवा. अंदाजानं बाजूला ठेवू नका, कारण तीन वर्षांपूर्वी बसणारा कपडा आज बसेलच असं नाही.

घातल्यावर नुसतं आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. दोन्ही हात डोक्यावर न्या; शर्ट पट्ट्यातून पुरता बाहेर आला तर तो आखूड आहे किंवा मुंढ्यात, म्हणजे बाही जोडलेल्या काखेच्या भागात, अडकतोय. मग खुर्चीवर बसा. बसल्यावर छाती-पोटावरच्या बटणांमधून आतला बनियन दिसला तर शर्ट घट्ट आहे. शेवटी मोटारसायकलचं हँडल धरल्यासारखे हात पुढं करा. आपल्याकडं निम्मा दिवस गाडीवर जातो, त्यामुळं या स्थितीत पाठ आवळली तर तो शर्ट तुम्ही नाइलाजानंच घालत राहणार.

आता तीन ढीग करा. बसणारे. टेलरकडं न्यायचे. आणि कितीही जीव असला तरी घरातून जायचे. तिसऱ्या ढिगात काय टाकायचं हे ठरवताना एक गोष्ट माहीत हवी: टेलर बाजूची शिवण आत घेऊ शकतो, बाही आणि पँटची उंची कमी करू शकतो, आत कापड सोडलं असेल तर कंबर इंच-दीड इंच वाढवू शकतो. पण रेडीमेड शर्टाचा मोठा खांदा नीट लहान करणं म्हणजे जवळपास नवा शर्ट शिवणं. लहान कॉलर मोठी होत नाही. पँटचं आसन, म्हणजे कंबरेपासून दोन्ही पायांच्या जोडापर्यंतची उंची, आखूड असेल तर तेही वाढत नाही. हे तीन दोष असलेला कपडा सोडून द्या.

खांदा

एवढी एक गोष्ट जरी जमली तरी निम्मं काम झालं. खांद्याच्या टोकाला बोटानं चाचपा. जिथं हाड संपून दंड सुरू होतो तिथं बाहीची शिवण यायला हवी. शिवण दंडावर उतरली असेल तर माणूस उगाच पडेल खांद्याचा आणि थकलेला दिसतो. ती मानेकडं सरकली असेल तर बाही वर ओढली जाते आणि काखेत काचतं.

आपल्याकडं ढगळ खांद्याची सवय कुठून लागली तेही समजून घ्या. मुलगा वाढत्या अंगाचा म्हणून आई-वडील एक माप मोठं घ्यायचे. ते त्या वयात बरोबरच होतं. पण पंचविशीनंतर उंची वाढत नाही, वाढतो तो घेर. पोट वाढलं की आपण ४० ऐवजी ४२ मागतो, आणि पोटासाठी घेतलेल्या ४२ मध्ये खांदा मात्र सुटतो. अशा वेळी रेडीमेडचा हट्ट सोडा. खांद्याला बसणारा आणि पोटाला पुरणारा शर्ट शिवूनच मिळतो, आणि बेळगाव-शहापुरात चांगल्या टेलरांची अजून कमतरता नाही.

शर्टाचं बाकीचं

कॉलरचं वरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं सहज जावीत. रोज ते बटण लावणार नसलात तरी माप तेच. पूर्ण बाही मनगटाच्या हाडापाशी संपावी, तळहातावर येऊ नये. अर्धी बाही दंडाच्या मध्यावर थांबावी. कोपरापर्यंत आलेली अर्धी बाही बारीक हातांना आणखी बारीक दाखवते. अर्धी बाही दंडावर पंख्यासारखी फाकत असेल तर टेलरला सांगून आतून अर्धा-पाऊण इंच घ्यायला लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

लांबीची चूक सर्रास दिसते. शर्ट बाहेर सोडणार असाल तर तो पँटच्या चेनच्या मध्यापर्यंत यावा. मांडीपर्यंत लोंबणारा शर्ट उंची खातो. खालची कड गोल आणि बाजूला खोल कापलेली असेल, तर तो शर्ट आत खोचण्यासाठीच शिवलेला असतो. बाहेर सोडायचा शर्ट सरळ कडेचा घ्या.

आत बनियन घालायचाच असेल, आणि आपल्या घामाच्या दिवसांत घालावाच, तर एक लक्षात ठेवा: पांढऱ्या पातळ शर्टातून पांढराच बनियन सगळ्यात जास्त दिसतो. त्वचेच्या रंगाच्या जवळचा, फिकट तपकिरी किंवा राखाडी बनियन दिसत नाही. वरचं बटण उघडं ठेवणाऱ्यांनी खोल गळ्याचा घ्यावा.

पँट: कंबर कुठं आहे ते आधी ठरवा

पोट सुटलेल्या माणसाची पँट हळूहळू पोटाखाली सरकते. मग माप ३८ चं ३६ झालं म्हणून समाधान वाटतं, पण वर पोट लोंबतं, खाली कापडाचा घोळ होतो आणि दर पाच मिनिटांनी पँट वर ओढावी लागते. पँट पोटाच्या उतारावर न ठेवता पोटावरच, बेंबीच्या जरा खाली बसवा. त्यासाठी आसन लांब हवं, हे टेलरला स्पष्ट सांगा. पुढं दोन चुण्या घ्यायला लावा, बसताना आराम पडतो. आधीच्या पिढीतली जाडजूड माणसं गॅलिस, म्हणजे पँटला लावून खांद्यावरून घ्यायचे पट्टे, लावायची, त्यामागं विचार होता: खांद्यावर टांगलेली पँट पोटावरून घसरत नाही. आजही ब्लेझरच्या आत गॅलिस लावायला काहीच हरकत नाही.

उंची मोजताना रोजचे बूट किंवा चपला घालूनच उभे राहा. अनवाणी दिलेलं माप हमखास चुकतं. मागची कड टाचेच्या वर, जमिनीपासून साधारण इंचभर वर राहावी आणि समोर बुटावर एकच हलकी घडी पडावी. तळाचा घेर १४ ते १६ इंच बहुतेकांना शोभतो. बारीक पाय असलेल्यांनी अगदी चिकटलेली पँट टाळावी. जीन्सची उंची कमी करताना टेलरला मूळची खालची कड जपायला सांगा; ती कापून वरच्या भागाला पुन्हा जोडता येते आणि जीन्स कापल्यासारखी दिसत नाही.

कापड घेताना आपला पाऊस आणि आपलं ऊन बघा

आपला जिल्हा म्हणजे दोन वेगळे हवामानाचे प्रदेश. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं घाटातला पाऊस. तिथं जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. अथणी, रायबाग, चिकोडीच्या पूर्वेला कोरडं ऊन. बेळगाव शहर या दोन्हींच्या मध्ये, अडीच हजार फुटांच्या आसपासच्या उंचीवर, म्हणून इथं संध्याकाळी गारवा असतो. तेव्हा अथणीच्या माणसानं नातेवाइकाचा टेरीकॉटचा शर्ट बघून तसाच शिवून घेतला तर मे महिन्यात हाल होतात, आणि कणकुंबीच्या माणसानं जाड सुती पँट पावसाळ्यात काढली तर ती शनिवारपर्यंत दमटच.

पूर्वेकडच्या उन्हाला सुती किंवा खादी. पश्चिमेच्या पावसाला पॉलिस्टर मिसळलेलं टेरीकॉट, तेही फिकट न घेता मध्यम रंगाचं. लाल चिखलाचे शिंतोडे पांढऱ्यावर कायमचे बसतात. बेळगावकरांनी दोन्ही ठेवावं. लिननचं सध्या खूप वेड आहे. कापड उत्तम आहे, पण बसलं की चुरगळतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यानं ते ऑफिससाठी घेऊ नये, समारंभाला ठेवावं.

दुकानात कापड हाती आलं की मुठीत दहा सेकंद घट्ट आवळून सोडा. सुरकुत्या तशाच राहिल्या तर रोज इस्त्री करायची तयारी ठेवा. कापड उजेडापुढं धरा. पलीकडची बोटं मोजता आली तर शर्ट पारदर्शक होणार. गडद रंग असेल तर ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासून बघा, रंग लगेच उतरला तर घेऊ नका. 'शंभर टक्के कॉटन' म्हणून दिलेल्या कापडाची शंका आली तर घरी कडेचा एक धागा चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून त्याची मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळून कडक काळी गुठळी होते.

पूर्ण बाहीच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) सव्वादोन ते अडीच मीटर आणि ५८ इंच पन्ह्याचं साधारण १.६ मीटर कापड लागतं. पँटला ५८ इंची पन्ह्यात १.२ ते १.३ मीटर. अंग भरलेलं असेल, किंवा चौकडी आणि पट्टे जुळवायचे असतील, तर पाव मीटर जास्त घ्या. नंतर त्याच ताग्यातला रंग मिळेल याची खात्री नसते.

खादीबद्दल वेगळं सांगावंसं वाटतं. १९२४ साली बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. ते अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. बेळगाव तालुक्यातल्या हुदलीला खादीचं काम रुजलं ते त्याच चळवळीतून. आपल्या उशाशी तयार होणारं कापड आपण फक्त १५ ऑगस्टला आठवतो, हे मनाला लागतं. उन्हाळ्यात जाडसर खादीचा अर्ध्या बाहीचा शर्ट पँटवर घालून बघा. फक्त एक पथ्य: खादी आणि जाड सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शिवायला टाकण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच टेलरकडं न्या. हे न केल्यामुळं बाही मनगटाच्या वर चढलेले शर्ट दर मोसमात बघायला मिळतात, आणि दोष टेलरच्या माथी मारला जातो.

टेलरकडं कसं जायचं

माझ्या लेखी हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि आपले लोक इथंच सगळ्यात घाई करतात. दारातून कापड टाकायचं, "मागच्यासारखंच" म्हणायचं आणि निघायचं. मागचं माप लग्नाआधीचं असतं.

मापाला जाताना अंगात पातळ शर्ट, पायात रोजची पायताणं आणि सोबत तुम्हाला सर्वांत छान बसणारा एक शर्ट असू द्या. टेप लावताना पोट आत ओढू नका, छाती फुगवू नका. नेहमीसारखा श्वास घ्या. खिशातला मोबाइल आणि पाकीट काढून ठेवा, नाहीतर सीटचं माप उगाच वाढतं. टेलरनं छातीचं माप घेतलं की विचारा, शर्ट किती सैल ठेवणार. अंगापेक्षा चार इंच जास्त म्हणजे आरामशीर. पोट छातीपेक्षा मोठं असेल तर पोटाचंही माप वेगळं घ्यायला सांगा. दोन्ही खांदे सारखे नसणं अगदी सामान्य आहे. एका खांद्यावर वर्षानुवर्षं ओझं वाहिलेल्यांचा तो खांदा बहुधा उतरलेला असतो. चांगला टेलर हे न सांगता ओळखतो, पण सांगितलेलं बरं.

सगळी मापं इंचात, तारखेसह, तुमच्या स्वतःच्या वहीत उतरवून घ्या. सीमाभागात याचा आणखी एक फायदा आहे. आज मराठी बोलणारा टेलर, उद्या रायबागला बदली झाली की कन्नड बोलणारा. आकडे दोघांनाही सारखेच कळतात.

काही गोष्टी न विचारता मिळत नाहीत, त्या मागून घ्या. पँटच्या मागच्या शिवणीत आणि खालच्या दुमडीत दीड-दोन इंच कापड आत सोडायला सांगा, पुढं वाढवता येतं. एक बटण जास्तीचं शर्टाच्या आतल्या पट्टीला टाचून घ्या. चौकडीचं कापड असेल तर खिशाची चौकडी छातीच्या चौकडीशी जुळवायला सांगा. टेलरच्या हाताची परीक्षा या एकाच गोष्टीत होते. त्यासाठी त्यानं पंचवीस-पन्नास रुपये जास्त मागितले तर ते आनंदानं द्या.

कपडा घेताना दुकानातच घालून बघा. हात वर, खाली बसणं, हात पुढं करणं, या सगळ्या चाचण्या तिथंच करा. दोष तिथंच आणि नम्रपणे दाखवा. "दादा, डाव्या मुंढ्यात जरा ओढ बसतेय, सैल कराल का?" असं विचारलं की कुठलाही कारागीर कपडा परत हातात घेतो.

पायात काय घालायचं

कोल्हापुरी चप्पल म्हटलं की आपण नदीपलीकडं बघतो. पण २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी, निपाणी, चिकोडी भागात आजही घराघरांत हे काम चालतं. म्हणजे ती चप्पल आपलीही आहे, आणि ती नीट वापरणं आपल्याला यायला हवं.

खऱ्या चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं आणि तळाची शिवण चामड्याच्या वादीनं घातलेली असते. चप्पल कडेनं बघा: कातड्याचे थर दिसायला हवेत. कापल्यासारखी सफाईदार, एकसलग, रबरासारखी कड असेल आणि चामड्याचा वास नसेल तर ती नक्कल. माप जरा घट्टच घ्या, कारण कातडं आठ-पंधरा दिवसांत पायाच्या आकाराला सैल होतं. सुरुवातीला अंगठ्यापाशी आणि पट्ट्याखाली चावते, म्हणून घालण्याआधी आतल्या बाजूनं खोबरेल किंवा एरंडेल तेलाचा हात फिरवून रात्रभर ठेवा. मग पहिले काही दिवस घरातल्या घरात तासभर वापरा. पहिल्याच दिवशी लग्नाला घालून गेलात तर संध्याकाळी अनवाणी परत याल.

दोन ठिकाणी ती चुकते. एक, पावसात. पाणी प्यायलेलं कातडं फुगतं, थर सुटतात, वास येतो. भिजलीच तर कोरड्या फडक्यानं टिपून सावलीत वाळवा. चुलीपुढं किंवा कडक उन्हात ठेवली तर तडकते. वाळल्यावर तेलाचा हात द्या. दुसरं, ऑफिसच्या इस्त्रीच्या पँटवर. झब्बा-पायजमा, धोतर, खादीचा शर्ट आणि जीन्स यांच्यावर कोल्हापुरी शोभते. कडक इस्त्रीच्या पँटखाली मात्र बूटच हवेत.

बुटांचं थोडक्यात: एकच जोड रोज घालू नका. घाम आत मुरतो आणि एका रात्रीत वाळत नाही, म्हणून दोन जोड आलटून पालटून वापरा. मोजे पँटच्या रंगाचे, पोटरीपर्यंतचे. काळ्या बुटावर पांढरे मोजे फक्त शाळेच्या गणवेशात. पट्टा आणि बूट एकाच रंगाच्या घराण्यातले असावेत, काळ्याला काळा आणि तपकिरीला तपकिरी.

पावसाळ्याचे चार महिने

बेळगावात जुलैमध्ये कपाट उघडलं की पट्ट्यावर, बुटांवर, ब्लेझरच्या खांद्यावर पांढरी बुरशी दिसते. ती येऊ नये म्हणून मे संपण्याआधी एक दिवस सगळं उन्हात टाका, कपाट कोरड्या फडक्यानं पुसा आणि नंतरच भरा. इस्त्रीचा गरम कपडा लगेच कपाटात ठेवू नका, आतली वाफ तिथंच अडकते. कपाट भिंतीला चिकटलेलं असेल तर चार बोटं पुढं ओढा. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून ठेवा. कपड्याला थेट लागल्या तर डाग आणि वास दोन्ही राहतात. लग्नाचा सूट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवण्याची चूक फार घरांत होते. जुन्या सुती धोतराच्या किंवा चादरीच्या कापडात ठेवा, हवा खेळते.

बुरशी आलीच तर घरात झटकू नका. बाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा, मग पाण्यात निम्मं व्हिनेगर घालून ओलसर फडका फिरवा, सावलीत वाळवा आणि चामड्याला पॉलिश किंवा तेल द्या. बूट ओले झाले तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन तासांनी बदला.

चिखलाचा शिंतोडा उडाला की आपण लगेच ओल्या हातानं घासतो. तिथंच लाल माती धाग्यात मुरते. चिखल पूर्ण वाळू द्या, मग ब्रशनं झाडा, आणि उरलेला डाग थंड पाण्यात साबणानं धुवा.

गाडीवरून कामाला जाणाऱ्यांनी रेनकोट अंगातल्या कपड्यांवर एक माप मोठाच घ्यावा. मापात ढगळपणा चालतो तो फक्त इथं. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत किंवा शहराच्या ऑफिसात पोहोचल्यावर घालायला एक शर्ट, मोज्यांचा जोड आणि बूट कामाच्या ठिकाणीच ठेवा. येताना पायात रबरी सँडल. उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर काम करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: तिथं सैल बाही, लोंबती कड, गळ्यातली साखळी, हातातली अंगठी यांतलं काहीही नको. तिथला प्रश्न दिसण्याचा नसून हात शाबूत राहण्याचा आहे.

खिसे आणि पट्टा

शर्टाच्या खिशात मोबाइल, डायरी, दोन पेनं आणि तंबाखूची पुडी कोंबली की एक बाजू लोंबते आणि कॉलर त्या बाजूला ओढली जाते. शर्टाच्या खिशात फार तर एक पेन. पाकिटातल्या जुन्या पावत्या आणि न लागणारी कार्डं काढून टाका. मागच्या खिशातलं जाड पाकीट पँटचं कापडही झिजवतं आणि त्यावर बसून कंबरही धरते. पट्टा मधल्या भोकात लागावा आणि उरलेलं टोक पहिल्या लुपात मावावं. खिळ्यानं नवीन भोक पाडण्यापेक्षा बकलाच्या बाजूनं पट्टा कापून घ्या, चांभार पाच मिनिटांत करून देतो.

दाढी, नखं, मानेवरचे केस आणि अत्तर यांबद्दल लांबण लावत नाही. दाढी ठेवत असाल तर गळ्याच्या घाटीच्या दोन बोटं वर तिची सीमा आखा. अत्तर मनगटावर आणि मानेला एकेक थेंब; शर्टावर मारू नका, पिवळा डाग पडतो.

लग्न, शिवजयंती आणि बाकीचे मोठे दिवस

बेळगावची शिवजयंती वैशाखात, चित्ररथांची मिरवणूक रात्र रात्र चालते. उकाडा असतो, गर्दी असते, पायाखाली डांबर तापलेलं असतं. अशा दिवशी सॅटिनचा चकाकता झब्बा आणि तसाच फेटा घालून मुलं तासाभरात घामानं निथळतात. फेटा सुती घ्या. बांधणाऱ्याला तो कपाळाच्या मध्यावर बसवायला सांगा, भुवयांवर नको. चष्मा असेल तर चष्मा घालूनच बांधून घ्या. झब्बा गुडघ्याच्या जरा वर संपणारा आणि बाजूला चिरा असलेला, म्हणजे लेझीम खेळताना पाय अडत नाही. फेटा भगवा असेल तर झब्बा पांढरा किंवा फिकट बदामी ठेवा. दोन्ही भडक झाले की फेट्याचा तोरा राहत नाही.

लग्नात ब्लेझर घालणाऱ्यांनी दुकानातून आणल्यावर बाहीवरची कंपनीची चिठ्ठी उसवून काढावी. ती विक्रीपुरतीच असते. पाठीमागच्या चिरेवरची तिरकी टाच आणि खिसे बंद करणारा कच्चा धागाही काढा. बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा. खालचं बटण कधीच लावायचं नसतं, आणि बसताना वरचंही सोडायचं. टायचं टोक पट्ट्याच्या बकलाला टेकावं. नवरदेवाची शेरवानी भाड्यानं घेणार असाल तर आठवडाआधी अंगावर घालून बघा. भाड्याच्या कपड्यात खांदा बदलता येत नाही, म्हणून खांदा बसेल तीच निवडा. लांबी, कंबर टाचून घेता येते.

धुणं आणि इस्त्री

पांढरे कपडे वेगळे धुवा. नीळ आधी मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून मग बादलीत घाला, आणि कपडा एकदम बुडवा. थेट टाकलेल्या निळीचे निळसर पट्टे जाता जात नाहीत. काखेतले पिवळे डाग ब्लीचनं जास्त पिवळे होतात. तिथं खायचा सोडा पाण्यात कालवून अर्धा तास लावून ठेवा आणि मग धुवा. गडद कपडे उलटे करून सावलीत वाळवा. जीन्स प्रत्येक वापरानंतर धुण्याची गरज नसते.

इस्त्रीसाठी कपडा किंचित ओलसर हवा. आधी कॉलर, टोकांकडून मध्याकडं, म्हणजे टोकाला सुरकुती जमत नाही. मग कफ, बाह्या, खांद्याची पट्टी, पाठ आणि शेवटी पुढचे दोन भाग. काळ्या आणि गडद पँटला उलट बाजूनं किंवा वर ओलं सुती कापड टाकून इस्त्री करा, नाहीतर गुडघ्यावर आणि सीटवर चमक येते आणि ती जात नाही.

खर्चाचा क्रम

सगळं एकदम बदलायला कुणाच्याच खिशाला परवडत नाही आणि गरजही नाही. पहिल्या महिन्यात फक्त दुसऱ्या ढिगातले कपडे टेलरकडून दुरुस्त करून घ्या. अगदी थोड्या पैशांत पाच-सहा कपडे नव्यासारखे होतात. त्यानंतर एक पट्टा आणि बुटांचा एक चांगला जोड. मग दोन शर्ट, एक फिकट निळा आणि एक पांढरा, कारण हे दोन रंग कुठल्याही पँटवर चालतात. मग एक गडद राखाडी पँट. रंगीबेरंगी, छापील, नवीन पद्धतीचं काही हवं असेल तर ते यानंतर, आणि मनापासून घ्या.

दिवाळीचे कपडे शिवून घ्यायचे असतील तर गणपती विसर्जन झालं की त्याच आठवड्यात कापड भिजवून टेलरकडं टाका. घटस्थापना झाली की चांगल्या टेलरच्या टेबलावर गठ्ठे साचतात, कपडे मदतनिसांच्या हाती जातात, आणि दुरुस्तीला परत द्यायला वेळ उरत नाही. धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी कपडा हातात येईल अशी तारीख चिठ्ठीवर लिहूनच घ्या.